मागचं दार

"मला फक्त लांबून बघायचंय तिला," म्हातारा म्हणाला. "बोलणारसुद्धा नाही. रस्त्याच्या पलीकडे उभा राहीन, बघेन आणि परत येईन."

त्याने आपला फोन टेबलावर ठेवला आणि समोरच्या बाईकडे सरकवला. पडद्यावर एक हिरवी खूण होती आणि खाली दोनच शब्द, 'मी सुखरूप'. त्याची मुलगी रोज संध्याकाळी ही खूण पाठवायची. सासरचं घर सोडताना तिने नंबर बदलला होता. बापाला तिची एवढीच खबर होती.

ते ॲप या बाईनेच लिहिलं होतं. ऑफिस लहान, प्रोग्रॅमर ती एकटीच. घरातून निघून जावं लागलेल्या माणसांसाठी ॲप होतं. आपला पत्ता कोणाला दिसावा आणि कोणाला नुसती खुशाली कळावी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. या मुलीने बापासाठी नुसती खुशाली निवडली होती.

"काका, ती घरातून का गेली?"

"बिनसलं काहीतरी," तो म्हणाला आणि खिडकीकडे बघायला लागला. शर्ट इस्त्रीचा होता, पण गुंड्या एक घर चुकवून लावलेल्या होत्या. सकाळपासून कोणी त्याला ते सांगितलेलं दिसत नव्हतं.

शेजारच्या टेबलावरून साहेब उठून आले. कंपनी त्यांची. माणूस मनाने मऊ. त्यांचीही मुलगी नुकतीच सासरी गेली होती आणि फोन आला नाही की यांना दिवसभर काम सुचायचं नाही.

"अगं, बाप आहे तो," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझ्याकडे सोय आहे ना? दाखव आणि मोकळी हो."

सोय होती. ॲप बिघडलं तर दुरुस्त करता यावं म्हणून तिने अगदी सुरुवातीला एक मागचं दार ठेवलं होतं. त्याचा पासवर्ड तिच्याशिवाय कोणाकडे नव्हता. तिथून आत गेलं की कोणाचाही ठावठिकाणा दिसायचा. पुढे ॲप नीट चालायला लागलं. दार काढून टाकू, काढून टाकू म्हणता म्हणता तसंच राहून गेलं.

म्हातारा रडायला लागला. आवाज नाही, हुंदका नाही. नुसतं पाणी गालांवरून खाली येत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

तिने लॅपटॉप पुढे ओढला. पासवर्ड घातला. मुलीचं खातं शोधलं. आता एक बटण दाबायचं, की नकाशा उघडणार. साहेबांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तिचं बोट बटणाशी थांबलं. खोलीत तिघं जण होते. तिघांचंही मन चांगलं होतं. पण जिचं काय करायचं ते ठरत होतं, ती या खोलीत नव्हती.

तिने ते पान बंद केलं आणि मुलीला निरोप लिहिला. 'तुमचे वडील आमच्या ऑफिसात आलेत. तब्येत बरी आहे. तुम्हाला बघायचं म्हणतात. पत्ता देऊ का?'

"तिला विचारलंय," ती म्हणाली. "ती हो म्हणाली तर लगेच सांगते."

चहा आला. म्हाताऱ्याने कप हातात धरून ठेवला. चहा निवला तरी त्याने तो तोंडाला लावला नाही. मग फोन वाजला. तिने उत्तर आधी मनात वाचलं, मग मोठ्याने.

"'पत्ता नको. बाबांना सांगा, मी पोटभर जेवते, शांत झोपते.'"

"शांत झोपते म्हणाली?"

"हो, काका."

तो पुढे झुकला. "पण तुम्हाला दिसतंय ना? आत्ता तर बटणापर्यंत गेला होतात. तिला कळणारही नाही."

"दाखव गं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता. "जबाबदारी माझी. मी सांगतोय म्हणून दाखव."

"नाही, सर. ती नको म्हणाली. तुम्ही मला उद्यापासून येऊ नकोस म्हणालात तरी मी नाही दाखवणार." मग तिने म्हाताऱ्याकडे वळून आवाज खाली आणला. "काका, मला माफ करा. तुम्ही कितीही वेळ बसलात तरी माझं उत्तर हेच राहील."

साहेबांचा चेहरा उतरला. असल्या दगडाशी आपण रोज एका खोलीत बसतो, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असावं. ते रागाने खिडकीशी जाऊन उभे राहिले.

म्हाताऱ्याने खिशातून रुमाल काढला. तोंड नीट पुसलं. निवलेला चहा एका दमात पिऊन टाकला आणि ताठ बसला.

"ते तुमचं दार," त्याने विचारलं, "कायमचं बंद करता येतं? म्हणजे तुमच्या मनात आलं तरी तुम्हाला उघडता येणार नाही, असं?"

"येतं."

"मग आजच्या आज करा."

साहेब वळले. "अहो काका, मघापासून तुम्हीच तर..."

"रडू मला खरंच आलं हो," म्हातारा म्हणाला. "पण काल जावयांनी माझ्या फोनवर ही खूण पाहिलीय. उद्या ते इथे येतील. माझ्यापेक्षा चांगलं रडतात ते."