अर्जाचा पाचवा खर्डा

“‘घोर’ काढ,” सर म्हणाले.

मुलीने ‘घोर’ खोडलं. मागे नुसता ‘अन्याय’ उरला.

“तोही काढ. काय झालं तेवढं लिही. अन्याय आहे की नाही, ते वाचणारा ठरवेल.”

अर्जाचा हा दुसरा खर्डा होता आणि त्यातली निम्मी वाक्यं आधीच आडवी झाली होती. दहावीचा तिचा भाषेचा पेपर रद्द झाला होता. परीक्षा मंडळाचं पत्र अवघं दोन ओळींचं होतं. निबंध विद्यार्थिनीच्या कुवतीबाहेरचा असून तो नक्कल केलेला दिसतो, सबब पेपर रद्द. शुक्रवारपर्यंत दाद मागितली नाही तर वर्ष फुकट जाणार होतं, आणि कॉपी केल्याचा शिक्का जन्माचा बसणार होता.

निबंधाचा विषय होता ‘घरातला आवाज’. तिने आईच्या शिलाई मशीनवर लिहिलं होतं. ते थांबलं की समजायचं, आई काहीतरी मोजतेय, कापड नाहीतर दिवस. हेच वाक्य तिच्या मुळावर आलं असणार. जरा सुमार लिहिलं असतं तर बिचारी सुखाने पास झाली असती.

सर त्याच गल्लीच्या टोकाला राहायचे. भाषेचे शिक्षक, यंदाच निवृत्त झालेले, आणि निबंध शिकवण्यात त्यांचा हातखंडा. पँटची उंची कमी करून घ्यायला ते आले होते, तेव्हा आईने मशीनवरून मान वर न करता त्यांना सगळी हकिगत सांगितली. मशीनबद्दल काय लिहिलं होतं, तेही सांगितलं. सरांनी पुढे केलेली पँट पुन्हा घडी केली.

“मुलीला उद्यापासून माझ्याकडे पाठवा,” ते म्हणाले. “फी वगैरे काही नको.”

आणि पँट न देताच, तशीच काखेत मारून ते परत गेले.

त्यांची पद्धत म्हणजे काटेकोरपणाचा कळस. आधी सुचेल ते टिपायचं, मग क्रम लावायचा, मग खर्डा, मग काटछाट, मग मोठ्याने वाचन. एकही पायरी गाळलेली चालायची नाही. अर्ज बाजूला ठेवून ते भलतेच विषय द्यायचे आणि समोर बसवून लिहून घ्यायचे. खोडलेलं पानसुद्धा फेकू द्यायचे नाहीत, तारीख घालून फायलीत लावायचे. कौतुकाचा मात्र एक शब्द नाही.

“त्यांनाही संशयच आहे माझा,” ती घरी रडकुंडीला येऊन म्हणाली. “समोर बसवून लिहायला लावतात.”

“लावू देत. मीही गिऱ्हाईकाला समोर उभं करूनच माप घेते,” आई म्हणाली. “माणूस वाईट नाही गं. फुकट शिकवतात, वर आपल्याकडे आले तर घोटभर पाणीसुद्धा घेत नाहीत.”

तिसऱ्या खर्ड्यात मुलीने मनातली भडास काढली. ‘माझा पेपर तपासणारे परीक्षक आंधळे आहेत,’ असं लिहून ती मोकळी झाली.

सरांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

“‘आंधळे’ काढ,” ते म्हणाले. “त्याला दिसत होतं. त्याने पाहिलं नाही, असं लिही.”

“सर, तुमचा तरी माझ्यावर विश्वास आहे ना?”

“माझ्या विश्वासाचं काय घेऊन बसलीस? कागद बोलला पाहिजे.”

मुलीला फार वाईट वाटलं. पण तिने निमूटपणे वाक्य बदललं.

चौथ्या खर्ड्याच्या दिवशी सर चष्मा पुसत म्हणाले, “परीक्षेत तो निबंध लिहिलास तरी कसा, ते सांग.”

“तुम्ही शिकवता तसाच. आधी उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर मुद्दे काढले. मशीनचं वाक्य जमत नव्हतं, ते तिथेच तीनदा लिहून खोडलं. मग आत नीट उतरवून काढलं.”

सर चष्मा पुसायचे थांबले. “शेवटच्या पानावर?”

“हो. कच्चं काम म्हणून. मध्ये चार पानं कोरी सुटली होती.”

सर उठून खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले.

“हे पहिल्या खर्ड्यात का नाही आलं?”

“तुम्ही विचारलंच नाहीत, सर.”

“खरंय,” सर म्हणाले. “विचारलं नाही.”

पाचवा खर्डा जेमतेम अर्ध्या पानाचा झाला. उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान पाहावं, एवढीच मागणी होती. सरांनी तो तिच्याकडून तीनदा मोठ्याने वाचून घेतला आणि मगच पक्का उतरवू दिला.

शुक्रवारी तिघं मंडळाच्या कार्यालयात गेली. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज वाचला, सोबतची फाईल चाळली आणि मुलीकडे नीट पाहिलं.

“इतका नेटका अर्ज मी आजवर पाहिला नाही,” त्या म्हणाल्या. “पण उपयोग नाही गं. गठ्ठे सीलबंद आहेत. तपासताना माझ्याकडून पान राहून गेलं, असं परीक्षकाने स्वतः लिहून दिलं तरच ते उघडतात.”

“मग त्यांना विचारा ना,” आई म्हणाली.

“आमच्याकडे नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. आणि विचारून काय होणार? आपल्या हाताने आपली नाचक्की कोण करून घेतं? बावीस वर्षांत एकानेही लिहून दिलेलं नाही.”

मुलीचे डोळे भरून आले. इतके दिवस खोडून खोडून लिहिलं, ते सगळं पाण्यात गेलं होतं. आईने तिच्या हातातली फाईल घेतली आणि म्हणाली, “चल, पोरी.”

सरांनी खिडकीतून एक कोरा कागद मागून घेतला. तिथल्याच बाकावर बसून, खर्डा न करता, एकही शब्द न खोडता त्यांनी चार ओळी लिहिल्या. खाली सही केली आणि सहीखाली आपला परीक्षक क्रमांक घातला.