दुसरी चूल

इन्स्पेक्टर दारात उभा राहिला आणि थोरल्या जावेने दार अर्धंच उघडलं. इतके दिवस ती याचीच वाट पाहत होती, आणि आता तो आला तर त्याला आत घ्यावंसं वाटेना.

"वरच्या मजल्यावर दुसरं स्वयंपाकघर आहे अशी तक्रार आहे," तो बूट काढत म्हणाला. तक्रार कुणाची, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. नगरपालिकेच्या खिडकीपाशी रांगेत उभं राहून ती थोरलीनेच केली होती.

जिना चढताना तो मध्येच गुडघ्यावर हात ठेवून थांबला. "या भागात नियम जुना आहे, बाई. एका प्लॉटवर एक घर, एका घरात एक चूल. गर्दी वाढू नये म्हणून कुणीतरी कधीकाळी केलेला. लोक दहा दहा खोल्या बांधतात, त्यांना कुणी विचारत नाही. दुसरा गॅस दिसला की मला धाडतात."

धाकटी जाऊ ओट्यापाशी कांदा चिरत होती. तिने इन्स्पेक्टरकडे पाहिलं, त्याच्या मागे उभ्या थोरलीकडे पाहिलं, आणि विळी बाजूला सारली.

थोरलीचा नवरा गेला त्याला महिना होतो न होतो तोच धाकटीने वर वेगळी चूल मांडली होती. तोवर सगळं घर खाली एकत्र जेवायचं. त्यानंतर थोरली एकदाही वर आली नव्हती. कायदा मोठा असतो, तो ही चूल उचलून नेईल, पुढचं आपोआप होईल, एवढाच तिचा हिशोब होता.

इन्स्पेक्टरने शेगडी पाहिली, नळ उघडून बंद केला. "हे वेगळं बिऱ्हाड झालं. वरचा मजला रिकामा करावा लागेल."

"आणि नुसता ओटा काढला तर?" थोरलीने घाईघाईने विचारलं.

"काढला तर प्रश्नच मिटला. मग खाली एकत्र राहा, एकत्र जेवा."

"नको," धाकटी म्हणाली. ती नळाखाली हात धूत होती, पाठमोरी. "आम्ही जागाच सोडतो. यांनी शहराबाहेर दोन खोल्या बघून ठेवल्यात. इथे जवळपास आम्हाला झेपेल असं काही नाही. कामावर जायला बस बदलत जावं लागेल. जाऊ."

थोरली चूल विझवायला निघाली होती, आणि पेटलं होतं घर.

"साहेब," ती म्हणाली, "चूल एकच आहे. ही. खालची बंद असते. आम्ही सगळे वरच जेवतो."

धाकटी वळली. हातातून पाणी ठिबकत तशीच उभी राहिली.

इन्स्पेक्टर जिना उतरला, आणि दोघी त्याच्या मागोमाग. खालच्या स्वयंपाकघरात मंद आचेवर एवढंसं पातेलं होतं. त्यात भात शिजत होता, एका माणसाचा. झाकण खडखड वाजत होतं. त्याने झाकण उचलून आत पाहिलं, परत ठेवलं. मग हात लांबवून गॅस बंद केला.

"बंद आहे खरी," तो म्हणाला, आणि हातातल्या कागदावर तसंच लिहिलं.

बूट घालताना तो पुन्हा बोलला. "सोमवारी सभा आहे. नियम बदलतोय. शहरात माणसांना राहायला जागा उरली नाही, म्हणून आता एका प्लॉटवर तीन बिऱ्हाडं चालणार. मग असं काही सांगावं लागणार नाही. बाहेरून जिना लावा, आतला भिंत घालून बंद करा, झाली दोन घरं."

तो गेला. थोरली दाराची कडी धरून तशीच उभी राहिली.

"जाऊबाई," मागून आवाज आला, "तुम्हाला काय वाटलं होतं? ते गॅस उचलून नेतील, आणि आम्ही मुकाट्याने खाली येऊन बसू?"

थोरलीने मागे वळून पाहिलं.

"मला त्या टेबलाशी बसवत नव्हतं," धाकटी म्हणाली. "भाऊजींची खुर्ची समोर. तुम्ही ती हलवू देत नव्हता, तिच्यावर कुणाला बसू देत नव्हता. पोरांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. सांगणार कसं तुम्हाला? तुमचं दुःख मोठं."

ती वर निघून गेली. थोरली उशिरापर्यंत दारातच होती.

नियम बदलला. बघता बघता रस्त्यावरच्या घरांना बाहेरून लोखंडी जिने फुटले, फाटकावर एका घंटीच्या तीन घंट्या झाल्या. कुणी म्हणालं शहराचं भलं झालं, कुणी म्हणालं रस्त्याची रया गेली. या घरालाही जिना लागला, आणि आतला जिना बंद करायला गवंडी आला.

त्याने जिन्याच्या पायथ्याशी विटा रचायला घेतल्या. अलीकडे थोरली त्याला पाणी आणून देत होती. पलीकडे धाकटी पायरीवर बसून पाहत होती. भिंत गुडघ्यापर्यंत आली, मग कमरेपर्यंत.

भिंत छातीशी आली तशी धाकटी उठली. "थांबा. इथे मोकळं ठेवा."

"दार ठेवता येत नाही, ताई," गवंडी म्हणाला. "दार ठेवलं की कायद्याने परत एकच घर होतं."

"दार नको," धाकटी म्हणाली. "ताटापुरतं ठेवा."