ढोलावरचं नाव

“मध्यस्थीत कुणीच हरत नाही,” मध्यस्थ बाई म्हणाल्या आणि रंगराव भंडारेचा विरस झाला. तो आलाच होता ज्ञानू होवाळला हरवायला. दोघांचा ब्रास बँड एकच. भांडण एवढंच, की ढोलावर कुणाचं नाव आधी रंगवायचं. कोर्टाची पुढची तारीख लग्नसराई उलटल्यावरची होती आणि तोवर वाद्यं कुलपात.

“वऱ्हाड माझ्या क्लॅरिनेटवर नाचतं, बाई. ह्याचा ढोल कायम अर्धी मात्रा आधी सुटतो!”

“तुझी वाट बघत बसलो, तर नवरदेव म्हातारा होईल,” ज्ञानू म्हणाला.

तेवढ्यात खिडकीखालून शिंद्यांची वरात निघाली. त्यांच्या घरी आजवर ह्या दोघांनीच वाजवलं होतं. आज परगावचा बँड होता. ट्रम्पेट असं किंचाळलं, की दोघांनी एकदमच कानांवर हात ठेवले.

“नवऱ्याला नेतायत की मयताला?” ज्ञानू पुटपुटला. रंगरावाला हसू आवरेना.

“बाई, ढोलाला तोंडं दोन,” शेवटी तोच म्हणाला. “एकावर ह्याचं नाव आधी घाला, दुसऱ्यावर माझं.”

बाईंनी घाईघाईनं करार लिहून पुढे केला. पण आधी सही कुणी करायची? दोघंही पेनाकडे बघत बसले. बाईंनी कपाळावर हात मारला आणि पर्समधून दुसरं पेन काढलं.

“एकदम करू,” म्हणत रंगरावानं सवयीनं ताल दिला, “वन, टू...”

थ्री म्हणायच्या आत ज्ञानूची सही झाली होती. रंगरावानं ह्या वेळी ते चालवून घेतलं.