तीन दिवसांचा जप

"मेल्या, मसणात जा!" वृंदाने पुन्हा वायर लॅपटॉपमध्ये खुपसली, आणि पडद्यावर पुन्हा तेच उमटलं: 'उपकरण सापडले नाही.'

श्रवणयंत्र वायरने जोडून रुग्णाच्या कानाला जुळवायचं तिचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायचं, म्हणून दवाखान्यासाठी तिने भावाच्या जुन्या मॅक लॅपटॉपवर विंडोज चढवलं होतं. तीन दिवस ती लॅपटॉपला यंत्राची ओळख पटवणारा ड्रायव्हर टाकत होती, काढत होती, पुन्हा टाकत होती. समोर तिचे पेशंट दामूअण्णा कानात नवं, मुकं यंत्र घालून आजही निमूट बसले होते. त्यांना ऐकू येत नव्हतं हेच बरं, कारण वृंदाने त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

आता चौथ्यांदा विंडोज पुसायचं म्हणून तिने वायर उपटली आणि ती थबकली. वायरचं टोक पुरतं आत जातच नव्हतं. तिने खाचेत टाचणी घालून कोरलं, तर कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा बाहेर पडला. दसऱ्याला लॅपटॉपची पूजा करून तिनेच त्याच्यावर मूठभर अक्षता वाहिल्या होत्या.

वायर खटकन बसली. यंत्र सापडलं, सुरू झालं.

"आणि मी गधडी तीन दिवस ड्रायव्हरच्या नावाने खडे फोडतेय! अक्कल शेण खायला गेली होती माझी!" ती करवादली.

दामूअण्णांनी दचकून कानाला हात लावला. मग त्यांचा सुरकुतलेला चेहरा हळूहळू फुलत गेला.

"बाई, तीन दिवस तुमचे ओठ हलताना बघत होतो. मला वाटलं, माझ्या कानांसाठी जप करताय."