धुरीसाहेबांचा नकार

"अकरा?" गंगाधर धुरी ओरडले. "अख्ख्या चाळीतून अकरा मतं?"

वैभवने मान खाली घातली. मतमोजणीच्या टेबलावर साहेबांचा माणूस म्हणून तोच बसला होता. बाकी वॉर्डात साहेब बरोबरीत होते. घालवलं ते घरच्याच मतदानयंत्राने.

"एक माझं, एक मालनचं, एक तुझं. बाकीचे काय झोपले होते?"

"नाही ना साहेब. आपल्या चाळीतून तर लाइन लागली होती."

चार वेळा निवडून आलेला नगरसेवक पाचव्या खेपेला पडला, तोही स्वतःच्याच उंबऱ्यावर. भोईवाड्यातली पालिकेची ही चाळ म्हणजे धुरींचा बालेकिल्ला. बापाची गिरणी बंद पडली, तिच्या जागी काचेचा टॉवर उभा राहिला, तेव्हाच त्यांनी शपथ घेतली होती की बिल्डरसाठी हात वर करणार नाही. सभागृहात टॉवरचा कुठलाही प्रस्ताव येवो, धुरींचं मत विरोधात. पक्षाने दटावलं, तर त्यांनी पक्ष सोडला. अपक्ष उभे राहिले आणि पुन्हा निवडून आले. पेपरवाल्यांनी 'नकारसम्राट' म्हणून टर उडवली, तर यांनी ते कात्रण फ्रेम करून भिंतीवर लावलं!

त्यांच्या चाळीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव तीनदा आला. पहिल्यांदा बिल्डर अडीचशे फुटांचं घर देत होता. धुरींनी सभागृह डोक्यावर घेतलं. स्थानिक नगरसेवकच विरोधात म्हटल्यावर प्रस्ताव बासनात गेला. चाळीने त्यांना खांद्यावर घेऊन नाचवलं, त्यांच्या बायकोने, मालनने, घावणे आणि नारळाचा रस केला. मग बिल्डर तीनशेवर आला. पुन्हा नाही, पुन्हा घावणे. मग चारशे.

"आमिष वाढवतोय मेला!" धुरी गॅलरीतून गरजले. "पण हा गंगाधर झुकणार नाही!"

सगळ्यांत मोठ्याने टाळ्या मालनने वाजवल्या होत्या.

आता बिल्डर सहाशे म्हणत होता. नवं सभागृह बसलं की चौथ्यांदा 'नाही' म्हणायचं, एवढ्यासाठी तर धुरींना निवडून यायचं होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी भाजी निवडताना मालनने विचारलंही होतं, "सहाशेलाही नाहीच म्हणणार तुम्ही?"

"सहा हजाराला नाही म्हणेन!"

"बरं," म्हणून तिने देठं सुपात टाकली होती.

आणि आज हे! धुरी तणतणत गॅलरीत गेले. शेजारी बाबुराव गुडघ्याला तेल चोळत बसले होते. खोली तिसऱ्या माळ्यावर आणि संडास तळमजल्यावर, म्हाताऱ्याचे पाय रोजच बोंब मारायचे.

"बाबुराव, खरं सांगा. मी कुठे कमी पडलो?"

"तू खंय कमी पडतंस रे? तुझ्यासारखो माणूस शोधून गावाचो नाय. जिवाक लावन घेव नको."

"मग मत कुणाला दिलंत?"

"मत गुप्त असता," म्हणत बाबुरावांनी बाटलीचं बूच लावलं.

पलीकडच्या कौसल्याबाईंनी तर कमालच केली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "तुमच्यामुळेच हो सगळं, भावजी!"

"काय सगळं? अहो, मी पडलो!"

"तेच म्हणते मी," असं म्हणून त्या पदराने डोळे पुसत आत गेल्या.

धुरींचं डोकंच सटकलं. केसाने गळा कापायचा आणि वर साखर पेरायची! ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर राखण्यात उमेदीची वर्षं गेली, तेच असे फिरावेत? खोलीत येऊन ते मटकन खुर्चीत बसले. तर मालन पिशवी घेऊन उभी!

"चला, सुरमई आणू."

"मी पडलोय, आणि तुला सुरमई सुचते?"

"पडलात म्हणून जेवायचं नाही की काय?"

मासळीबाजार म्हणजे धुरींना शिक्षा. त्यांचं काम ठरलेलं. पिशवी धरून, तोंड आंबट करून उभं राहायचं. मालन कोळणीला म्हणणार, "मी घेतली असती गं, पण ह्यांना नाही पटत." कोळीण भावात उतरणार. "अजून नाही पटत बघ." कोळीण आणखी उतरणार. मनाजोगता भाव झाला की मालन हळूच म्हणणार, "तुम्ही व्हा पुढे." की यांनी मुकाट चालू पडायचं. नगरसेवकाची ही किंमत! आजही तेच झालं, आणि आज तर आंबट तोंड करावंही लागलं नाही.

सुरमई घेऊन दोघं जिना चढून आले, तर गॅलरीत ही गर्दी. मधोमध बिल्डरचा माणूस, तो चकचकीत बुटांतला सिद्धार्थ, पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा. धुरींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जखमेवर मीठ चोळायला आलास? चालता हो! मी नगरसेवक असो नसो, नाही म्हणजे नाही!"

कुणीच टाळी वाजवली नाही. सिद्धार्थने धुरींकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काकू, सहाशे," तो मालनला म्हणाला. "तुम्ही म्हणालात तसंच. आता मात्र याच्या वर एक इंच नाही."

मालनने बाबुरावांकडे पाहिलं. कौसल्याबाईंकडे पाहिलं. दोघांनीही मान डोलावली. मग तिने बॉक्समधला पेढा उचलला आणि हातात पिशवी धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाली,

"तुम्ही व्हा पुढे."