झाकण

"आई, हे नको गं. फार पांढरं आहे," प्रसेनजित म्हणाला, अन् भागिरथा दारातच थबकली.

सकाळी सकाळी न्हाऊन, केसांना तेल चोपडून, पौर्णिमेला विहारात नेसते ते पांढरंधोप लुगडं नेसून ती फोटो काढायला अंगणात यायला निघाली होती. आणि लेक म्हणतो, नको!

"मंग कोणतं नेसू, बापा?"

प्रसेनजितनं न्हाणीमागून ओढून आणलेलं बोचकं पुढं केलं. चुलीची लाकडं झाकायला टाकलेलं जुनं लुगडं होतं ते. उंदरांनी कुरतडलेलं, टोकाला लेंड्या चिकटलेल्या. "हे नेस. यात जान आहे."

ओट्यावर बसलेल्या नीलिमानं नाकाला ओढणी लावली. ती त्याची धाकटी बहीण, वाशिमला बँकेत नोकरीला, रविवारची अनसिंगला घरी आलेली. "दादा, ते लुगडं मी हातानं उचलत नायी, अन् तू मायले नेसाले लावून राह्यला?"

"नीलू, तुला यातलं काही कळत नाही. बाजूला हो."

माय ते बोचकं उचलून आत गेली. तिला फोटो हवा होता. भिंतीवर नवऱ्याचा, जानरावांचा फोटो आहे, तो ते गेल्यावर ओळखपत्रावरून मोठा करून आणलेला. डोळ्यांच्या जागी नुसते दोन करडे डाग. "माह्या जिवंतपणीच एक चांगला काढून ठेवा, मेल्यावर लावाले," असं ती वर्षभर म्हणत होती. नीलिमानं फोन काढला तर म्हणे फोनातला नको. स्टुडिओत नेते म्हटलं तर म्हणे, "पोरगा एवढा फोटोवाला, अन् मी दुकानात जाऊ? हासतीन लोकं."

तर पोरगा आला. पुण्याहून, नवा कॅमेरा गळ्यात घालून. आल्यापासून माणसांची विचारपूस राहिली बाजूला, कॅमेऱ्याचंच कौतुक चाललेलं. रेंजफाइंडर आहे म्हणे, रोलचा. मर्यादित आवृत्ती, जगात दोनशेच, वर नंबर कोरलेला. यात बॅटरी नाही, स्क्रीन नाही. लेन्समधून बघायचंच नाही, बघायची खिडकी निराळी, वरच्या कोपऱ्यात. "शुद्ध डोळा!" असं म्हणून तो स्वतःच खूश व्हायचा. मायनं कौतुकानं त्या नंबरावरून बोट फिरवलं, तर यानं लगेच खिशातून मऊ फडकं काढलं आणि ती जागा पुसली.

मायचं बोट पुसलं! या घराण्यानं शिवलेलं लोकांनी पिढ्यानपिढ्या पुसूनच घेतलं होतं, पण घरातल्या घरात हे पहिल्यांदाच. नीलिमाच्या अंगाची आग आग झाली.

माय ते घाणेरडं लुगडं नेसून बाहेर आली. घरात गॅस असून प्रसेनजितनं तिला न्हाणीच्या चुलीपुढं उकिडवं बसवलं, ओल्या काड्या पेटवायला लावल्या. माय फुंकायला लागली. धूर झाला, राख उडाली. प्रसेनजितनं आधी काय केलं असेल, तर घाईघाईनं लेन्सला झाकण लावलं.

"हां, खोक आई. खोक. खाली बघ. थकल्यासारखी बघ."

खट्.

नीलिमाला दिसलं. लेन्सवर काळं झाकण तसंच होतं. ती उठली, म्हणाली, "दादा, अरे..."

"नीलू! मध्ये येऊ नकोस म्हटलं ना!"

ती बसली. नायी येत, म्हणाली मनात. काढ लेका, किती काढतोस ते काढ.

तो काढत सुटला. सुरकुत्या, भेगाळलेल्या टाचा, धुरानं वाहणारे डोळे. "पुण्यात प्रदर्शन लावणार आहे. लोक रडतील बघ," तो खिडकीला डोळा लावून म्हणत होता. आयुष्यभर राबून दोन लेकरं शिकवली त्या बाईला हा भिकारीण करून विकणार होता, आणि वरून स्वतःच भारावला होता. थू! नीलिमा खरंच परसात जाऊन थुंकून आली.

"बस. एकच उरला," तो शेवटी म्हणाला. "हा लोणारच्या सरोवरासाठी राखून ठेवतो. जवळ दुसरा रोल नाही."

"थांब बापा, आलीच मी." खोकतच माय आत पळाली. तोंड धुऊन, पांढरं लुगडं परत नेसून आली, खुर्ची ओढली आणि ताठ बसली. "आता माहा काढ. भितीवरचा."

"आई, अगं हे म्हणजे पासपोर्ट फोटो..."

"काढ," नीलिमा म्हणाली. असं म्हणाली की त्यानं वाद घातला नाही. निःश्वास टाकून कॅमेरा डोळ्याला लावला.

मायनं पदर सारखा केला, हनुवटी वर केली. इतकी सुंदर ती नीलिमाला कधी दिसली नव्हती. प्रसेनजितचं बोट बटणावर गेलं. अजून एक शब्द बोलली नाही, तर भावाची खोड कायमची मोडणार होती. पण भिंतीवर मायच्या जागी काय राहणार होतं?

"दादा, झाकण काढ."

"काय?"

"लेन्सचं झाकण."

त्यानं कॅमेरा खाली घेऊन बघितलं. झाकण काढलं, तळहातावर धरलं. मग चुलीकडं बघितलं, मग नीलिमाकडं. चेहरा राखेसारखा झाला. "सगळे? पहिल्यापासून सगळे? आणि तू बघत बसलीस?"

"तूच म्हणला, मधात येऊ नोको."

"काय झालं बापा?" मायनं मान न हलवता विचारलं. "किती वेळ अशी बसू? पदर सरकते माहा."

प्रसेनजितनं कॅमेरा पुन्हा उचलला. त्याचे हात थरथरत होते.

"आता हलू नोको," नीलिमा भावाला म्हणाली.