बिनमिठाचं पिठलं

सुलभाताईंनी पिठल्यात मुद्दाम मीठ घातलं नाही.

दिवाळीपासून दिगंबररावांचं बोलणं संशय यावा इतकं गोड झालं होतं. खिडकीतली शेवंती, दोरीवरची साडी, सकाळचा चहा, सगळ्याचं कौतुक. इतक्या वर्षांच्या संसारात ते "बरंय"च्या पुढे कधी गेले नव्हते. दिवाळीतच दोघांनी कानातली बटणं घेतली होती. समोर जे सुंदर दिसेल ते बटण कानात कुजबुजायचं, वर आभाराचे शब्दही सुचवायचं. ते इतकं बारीक होतं की कानात आहे की नाही, हे बाहेरून कळत नसे.

पण बटणाला फक्त दिसायचं, चव कळत नव्हती. सुलभाताई ताटासमोर बसून नवऱ्याकडे एकटक बघत राहिल्या.

दिगंबररावांनी घास खाल्ला. "वा! झकास झालंय हं."

"सापडलात! मीठच नाहीये त्यात. बटणानं सांगितलं ना?"

"कुठलं बटण? फार कटकट करतं म्हणून संक्रांतीलाच काढलं मी. कपाटात पडलंय, बघून ये."

"मग अळणी लागलं नाही?"

"लागलं की."

"मग झकास कसलं, अहो?"

"एरवी तू वाढून आत जातेस. आज समोर बसलीस, माझ्याकडे बघत होतीस. म्हटलं, मीठ मागून कशाला उठवा?"

सुलभाताईंच्या कानात त्यांचं बटण कुजबुजू लागलं. ते पुरतं न ऐकताच त्यांनी काढून फडताळात ठेवलं, मीठ आणून वाढलं आणि पुन्हा समोर येऊन बसल्या.